आपली तत्त्वं : आधीच घेतलेले निर्णय

कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी सुरू झाली की सीनियर मंडळी एक प्रश्नसंच हातात ठेवतात. त्यात ॲप्टिट्यूड असतं, प्रोग्रॅमिंग असतं आणि शेवटच्या पानावर असते 'एचआर राउंड'. तिथे एक प्रश्न हमखास असतो, "तुमचं जीवनविषयक तत्त्वज्ञान काय?" उत्तरही तयार असतं : प्रामाणिकपणा, कष्ट आणि सकारात्मक दृष्टिकोन. पाठ करायला सोपं! समोरचा ऐकतो, मान हलवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. या उत्तराचा कुणाच्याही वागण्याशी काडीचा संबंध नाही, हे टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक असतं.

या विषयावर लिहावंसं वाटलं ते याचसाठी. 'तत्त्वज्ञान' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक तर कीर्तनकार येतात, नाहीतर रिटायर झालेले आजोबा. जणू वयाच्या साठीनंतर सवडीने करायची ही गोष्ट! पण जरा विचार करा. आयुष्यातले मोठे निर्णय आपण कधी घेतो? पहिली नोकरी, पहिली सही, पहिलं कर्ज, लग्न, गावी राहायचं की शहरात, हे सगळं साधारण २१ ते ३० या वयात. म्हणजे तत्त्वांची गरज सगळ्यात जास्त आत्ता आहे, आणि नेमकं आत्ताच आपल्याकडे प्रश्नसंचातलं उत्तर आहे.

म्हणून या लेखात तीन साध्या प्रश्नांचा विचार करू. तत्त्वं हवीत कशाला? ती लिहायची कशी? आणि लिहिलेली टिकवायची कशी?

१. तत्त्वज्ञान नाही असा माणूस नसतो

"आपण फिलॉसॉफी-बिलॉसॉफी काही मानत नाही बुवा," असं म्हणणारा एक तरी मित्र प्रत्येक हॉस्टेलवर असतो. पण त्याच मित्राला उसने पैसे द्या. तो ते सांगितलेल्या दिवशी परत करतो, की तुम्ही चार वेळा आठवण करून द्यावी लागते? रात्री दोन वाजता रूममेट तापाने फणफणला, तर तो उठतो की चादर डोक्यावर ओढतो? तो जे करतो तेच त्याचं तत्त्वज्ञान. फक्त ते त्याने लिहिलेलं नाही. 'चलता है' हेसुद्धा एक तत्त्वज्ञानच आहे, आणि आपल्या देशात त्याचे अनुयायी सगळ्यात जास्त असावेत!

म्हणून पहिली पायरी म्हणजे नवीन तत्त्वं शोधणं नव्हे. आधी आत्ता आपली जी आहेत ती ओळखायची. आपल्या भाषेत सांगायचं तर रिव्हर्स इंजिनिअरिंग. गेल्या ३० दिवसांचा हिशेब काढा. पैसे कशावर गेले? वेळ कशावर गेला? कुणाकुणाला काय कबूल केलं होतं आणि त्यातलं किती पाळलं? हे तीन रकाने भरले की आपलं खरं तत्त्वज्ञान समोर येतं. 'माझ्यासाठी घरचे सर्वांत आधी' असं सांगणाऱ्याने तीन आठवड्यांत घरी फोनच केलेला नसतो. यात लाजण्यासारखं काही नाही. कुठल्याही दुरुस्तीआधी मशीनची सध्याची स्थिती मोजावीच लागते.

२. दाब येतो तेव्हा वेळ नसतो

आता मुख्य प्रश्न. तत्त्वं आधी का ठरवायची? प्रसंग आला की बघू, असं का नाही चालत?

याचं उत्तर इंजिनिअरिंगच्या इतिहासातल्या एका रात्रीत आहे. 'चॅलेंजर' या अमेरिकन अवकाशयानाचं उड्डाण २८ जानेवारी १९८६ रोजी सकाळी व्हायचं होतं. यानाच्या दोन बाजूंना घन इंधनाची बूस्टर रॉकेट होती. ती तुकड्यांमध्ये बनवून जोडलेली होती आणि जोडातून तप्त वायू बाहेर येऊ नये म्हणून त्यात रबरी कडी बसवलेली होती. मशीन डिझाईनमध्ये आपण जिला ओ-रिंग म्हणतो तीच. रबर थंड झालं की ताठर होतं आणि फट पटकन भरून काढत नाही.

बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतल्या इंजिनिअरांना ही भीती होती. त्यांपैकी रॉजर बोजोले यांनी तर जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना लेखी इशारा दिला होता. उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी, थंडीची लाट येणार हे कळल्यावर, कंपनी आणि नासा यांच्यात फोनवर बैठक झाली. ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये, असं इंजिनिअरांनी सांगितलं. नासाच्या अधिकाऱ्यांना ते रुचलं नाही. तेव्हा कंपनीने आपापसात बोलायला पाच मिनिटं मागून घेतली. ती पाच मिनिटं सुमारे अर्धा तास चालली. बोजोले आणि त्यांचे सहकारी आर्नी थॉम्पसन यांनी पुन्हा एकदा आकडे आणि फोटो पुढे ठेवून विनवलं. शेवटी इंजिनिअरिंग विभागाच्या उपाध्यक्षांना एका वरिष्ठाने सुचवलं, की आता इंजिनिअरची टोपी उतरवा आणि मॅनेजरची घाला. त्यांनी ती घातली. शिफारस बदलली. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले.

हे उपाध्यक्ष काही खलनायक नव्हते. तासाभरापूर्वी ते स्वतः 'उड्डाण नको' याच बाजूने होते. माहिती कमी होती असंही नाही. कमी पडला तो वेळ. अर्ध्या तासात, वरिष्ठ समोर बसलेले असताना आणि मोठं गिऱ्हाईक फोनवर ताटकळत असताना, माणूस नवीन तत्त्व तयार करू शकत नाही. आधीपासून जे जवळ असेल तेच तेव्हा कामाला येतं.

त्याच रात्री फ्लोरिडातल्या उड्डाणतळावर कंपनीचेच ॲलन मॅकडोनाल्ड होते. उड्डाणाच्या शिफारशीवर सही करायला त्यांनी नकार दिला. मग त्यांच्या वरिष्ठाने युटामधून सही करून कागद फॅक्सने पाठवला. दुर्घटनेनंतर मॅकडोनाल्ड यांनी चौकशी आयोगापुढे खरं सांगितलं, तेव्हा कंपनीने त्यांना खालच्या कामावर टाकलं. पुढे अमेरिकन संसद सदस्यांनी दबाव आणल्यावर त्यांना परत घेतलं गेलं आणि तोच सांधा नव्याने डिझाईन करण्याचं काम त्यांच्याकडे आलं.

आता आपल्या जवळचं उदाहरण. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे विद्यार्थी. आजचं सीओईपी ते हेच. खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी डिझाईन केलेले स्वयंचलित दरवाजे बसले. १९१२ मध्ये ते म्हैसूर संस्थानचे दिवाण झाले. पद स्वीकारण्यापूर्वी त्यांनी नातेवाइकांना जेवायला बोलावलं आणि माझ्याकडे कुणीही शिफारस किंवा काम घेऊन येणार नसाल तरच मी हे पद घेतो, असं सांगितलं, अशी आठवण त्यांच्याबद्दल सांगितली जाते. यातला क्रम बघा. खुर्चीवर बसल्यावर, एखादा भाचा अर्ज घेऊन दारात उभा राहिल्यावर नकार द्यायचा म्हणजे भाच्याला दुखावणं आलं. खुर्चीवर बसण्याआधी सगळ्यांनाच सांगून टाकलं की नकार कुणा एकाला उद्देशून राहत नाही.

थोडक्यात काय, तर तत्त्व म्हणजे शांत डोक्याने आधीच घेतलेला निर्णय. प्रसंग आला की तो फक्त अमलात आणायचा असतो. माझ्या मते या सगळ्या विषयाचं सार एवढंच आहे. आता पुढे तो कसा घ्यायचा ते पाहू.

३. विशेषण नको, चाचणी हवी

सिव्हिलच्या मित्रांना विचारा, टेंडरमध्ये 'उत्तम प्रतीचे काँक्रीट' एवढंच लिहून चालतं का? नाही चालत. एम-२० लिहावं लागतं. म्हणजे १५० मिलिमीटर बाजूचा क्यूब भरायचा, २८ दिवस पाण्यात क्युअर करायचा, मग मशीनखाली दाबून बघायचा. ताकद २० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर अपेक्षित. आता त्यावर वाद घालता येत नाही.

आपली तत्त्वं मात्र आपण 'उत्तम प्रतीची' लिहितो. 'मी प्रामाणिक राहीन.' म्हणजे नेमकं काय? असं वाक्य कधी मोडत नाही, कारण ते कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हेच कुणाला माहीत नसतं. ते कृतीच्या भाषेत आणा :

'प्रामाणिकपणा' ऐवजी – प्रयोगात न घेतलेलं रीडिंग मी जर्नलमध्ये लिहिणार नाही.

'आई-वडिलांचा आदर' ऐवजी – दर रविवारी घरी अर्धा तास फोन, आणि त्या वेळी लॅपटॉप बंद.

'वक्तशीरपणा' ऐवजी – उशीर होणार असेल तर ठरलेल्या वेळेच्या आधी मी कळवीन.

वाक्य लहान झालं, थोडं मामुलीही वाटतं. पण आता ते पाळलं की मोडलं हे रात्री झोपताना सांगता येतं.

या बाबतीत बेंजामिन फ्रँकलिनचा प्रयोग वाचण्यासारखा आहे. वीज आणि पतंगवाला तोच हा फ्रँकलिन. तरुणपणी फिलाडेल्फियात छापखाना चालवत असताना त्याने १३ सद्गुणांची यादी केली आणि प्रत्येकापुढे त्याचा अर्थ एका ओळीत लिहिला. मग एक वही केली. पानावर सात उभे रकाने, आठवड्याच्या सात दिवसांचे. आणि १३ आडव्या ओळी, सद्गुणांच्या. चूक झाली की त्या चौकटीत काळा ठिपका. एका आठवड्यात एकाच सद्गुणावर विशेष लक्ष. १३ आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार फेऱ्या, १३ गुणिले ४ बरोबर ५२. हिशेब अगदी चोख!

गंमत म्हणजे त्याला सगळ्यात जास्त छळलं ते 'व्यवस्थितपणा' या गुणाने. कागदपत्रं जागच्या जागी ठेवणं काही त्याला शेवटपर्यंत जमलं नाही. आत्मचरित्रात तो हे मोकळेपणाने सांगतो आणि म्हणतो की परिपूर्ण झालो नाही, तरी प्रयत्न केला नसता त्यापेक्षा बरा माणूस झालो. नम्रतेचं त्याने काय केलं तेही बघा. 'नम्र व्हायचं' असा नुसता निश्चय न करता त्याने बोलण्यातून 'निश्चितच', 'निःसंशय' असे शब्द काढून टाकले आणि 'सध्या तरी मला असं वाटतं' असं म्हणायची सवय लावून घेतली. सद्गुणाचं रूपांतर कृतीत करणं म्हणजे हे.

४. जे फुकट मिळतं ते तत्त्व नव्हे

तत्त्व लिहून झालं की त्याच्यापुढे आणखी एक रकाना ओढा : किंमत. हे पाळलं तर माझं काय जाईल? उत्तर 'काहीच नाही' असेल तर ते तत्त्व नसून आवड आहे. 'मी दारू पिणार नाही' असं ज्याला वासही सहन होत नाही त्याने म्हणण्यात काय विशेष?

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं नाव आपल्याला रस्त्यांच्या आणि संस्थांच्या पाट्यांवरून माहीत असतं. पण ते मूळचे आपल्यासारखेच आकडेमोडीत रमणारे. १८९१ पासून ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. त्याच वर्षी त्यांच्या पत्नी वारल्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे तिशीतल्या विधुराला लहान कुमारिका सहज मिळाली असती, आणि कुणी बोट दाखवलं नसतं. विधवांना पुनर्विवाहाचा हक्क असावा असं मानणारे सुशिक्षित तेव्हाही पुष्कळ होते, पण सभेत मानणारे! कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी लग्न केलं. मुरूड या त्यांच्या गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला आणि त्याची झळ गावातल्या त्यांच्या घरच्यांनाही बसली. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, पुढे तो हिंगण्याला गेला, आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. आपल्याला आज शेवटची ओळ दिसते. किंमत पहिल्या ओळीत दिली होती.

आपल्या आयुष्यात किंमत एवढी मोठी नसते, पण असते. फायनल इयरला आमच्या चौघांच्या ग्रुपने सोलर ड्रायर बनवायचं ठरवलं. प्रोजेक्ट कुठे तयार मिळतात, मॉडेल आणि रिपोर्टसकट कितीला पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आम्ही आधीच ठरवलं होतं की विकत घ्यायचं नाही आणि रीडिंग बनवायची नाहीत. २० दिवसांची रीडिंग हवी होती. मधेच ढगाळ हवा आली आणि सबमिशनपर्यंत ११ दिवसांचीच मिळाली. रिपोर्टमध्ये ११ च लिहिली आणि कारणही लिहिलं. एक्स्टर्नलने विचारलं, "बस्, एवढीच?" मार्क शेजारच्या ग्रुपपेक्षा कमी पडले. त्यांचा आलेख आमच्यापेक्षा फार गुळगुळीत होता!

५. 'तुला परवडतं'

यानंतर रूमवर झालेलं बोलणं मला महत्त्वाचं वाटतं, म्हणून सांगतो. माझा एक मित्र शेजारच्या, म्हणजे गुळगुळीत आलेखवाल्या ग्रुपमध्ये होता. तो म्हणाला, "तू बोलतोस ते बरोबर आहे रे. पण तुला परवडतं. तुझ्या बाबांना पेन्शन आहे. माझ्या घरी दोन एकर कोरडवाहू आणि डोक्यावर एज्युकेशन लोन. माझा एक पेपर राहिला किंवा मार्क घसरले आणि कंपनीच्या क्रायटेरियात बसलो नाही, तर हप्ते कोण भरणार? तत्त्व?"

मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण त्याचं म्हणणं निम्मं खरं आहे. तत्त्वांवरच्या भाषणांत ही बाजू कधी येत नाही. ज्याच्या मागे आधार आहे त्याला 'नाही' म्हणणं सोपं जातं. म्हणून पहिला नियम : आपलं स्पेसिफिकेशन दुसऱ्याच्या बिल्डिंगला लावायचं नाही. तत्त्वं स्वतःला मोजण्यासाठी असतात, मित्राला झोडपण्यासाठी नाहीत.

पण उरलेलं निम्मं? त्याचं उत्तर आपण सेकंड इयरपासून शिकतो आहोत : फॅक्टर ऑफ सेफ्टी. कुठलाही भाग आपण त्याच्या शेवटच्या ताकदीपर्यंत लोड करत नाही. मधे अंतर ठेवतो, कारण अनपेक्षित लोड येणार हे गृहीत धरलेलं असतं. आयुष्याचंही तसंच आहे. पगार हातात आल्या आल्या त्याच्या पार टोकापर्यंत हप्ते बांधून घेतले, तर उद्या साहेबाने चुकीच्या कागदावर सही करायला सांगितली की 'नाही' म्हणायची ताकद कुठून येणार? सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत असलेला इंजिनिअर आणि ३० तारखेची वाट बघणारा इंजिनिअर, दोघे सारखेच प्रामाणिक असले तरी दोघांचा 'नाही' सारखा नसतो. तोच हिशेब वेळेचा. शेवटच्या रात्री बसून जर्नल लिहिणाऱ्याला खरी रीडिंग घ्यायला सवडच नसते. आदल्या आठवड्यात बसला असता तर तत्त्वाची परीक्षा द्यायची वेळच आली नसती.

म्हणजे काटकसर आणि आधीपासून काम करणं हे नुसते चांगले गुण नाहीत. आपली बाकीची तत्त्वं ज्या पायावर उभी राहतात तो पाया आहे. मित्राला मी दुसऱ्या दिवशी एवढंच म्हटलं, की आज तुझ्याकडे मार्जिन नाही हे मान्य. पण नोकरी लागल्यावर पहिलं काम मोटारसायकल घ्यायचं की मार्जिन तयार करायचं, हे तू आज ठरवू शकतोस. तो म्हणाला, "हे चालेल." लोन फिटेपर्यंत नवीन हप्ता नाही, असं त्याने कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं.

६. तत्त्वं एकमेकांशी भांडतात

यादी झाली, किंमत लिहिली, मार्जिनही ठेवलं. तरी एक अडचण उरतेच. खरं बोलावं हेही तत्त्व, आणि कुणाचं नुकसान करू नये हेही तत्त्व. दोन्ही एकाच वेळी समोर आली तर?

न्यूयॉर्कमध्ये १९७७ मध्ये सिटीकॉर्प सेंटर ही ५९ मजली इमारत पूर्ण झाली. जागेच्या एका कोपऱ्यात चर्च असल्यामुळे तिचे चार मोठे खांब कोपऱ्यांत न देता प्रत्येक बाजूच्या मध्यावर दिले होते. १९७८ मध्ये तिचे स्ट्रक्चरल इंजिनिअर विल्यम लेमेझर यांच्या लक्षात आलं, की वारा इमारतीच्या कोपऱ्यावर तिरका आला तर काही भागांवर ताण अपेक्षेपेक्षा बराच वाढतो. त्यातून बांधकामात वेल्डिंगऐवजी बोल्टचे जोड वापरले गेले होते. त्यांच्या हिशेबाने मोठ्या वादळात इमारत कोसळण्याचा धोका होता. गप्प बसणं शक्य होतं, कारण हे दुसऱ्या कुणाला कळलेलंच नव्हतं. त्यांनी स्वतःहून मालकांना आणि संबंधितांना सांगितलं. दिवसा कचेऱ्या चालू आणि रात्री वेल्डिंग, असं करत शेकडो जोडांवर पोलादी पट्ट्या बसवल्या गेल्या.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पण आत काम करणाऱ्या आणि आसपास राहणाऱ्या लोकांना धोका सांगितलाच गेला नाही. तेव्हा न्यूयॉर्कची वर्तमानपत्रं संपामुळे बंद होती. सगळी हकिगत जाहीर झाली ती १९९५ मध्ये. घबराट टाळणं बरोबर, की ज्यांच्या जिवाला धोका आहे त्यांना कळवणं बरोबर? इंजिनिअरिंग एथिक्सच्या वर्गात आजही या उदाहरणावर दोन बाजू पडतात. माझ्यापुरतं म्हणाल तर ज्याच्या जिवाला धोका आहे त्याचा ते कळण्याचा हक्क आधी. तुमचं मत वेगळं असू शकेल. मुद्दा हा, की तत्त्वांची नुसती यादी करून भागत नाही. त्यांना क्रम द्यावा लागतो. एक नंबर आणि दोन नंबर भांडले तर कोण जिंकणार, हेही आधीच ठरवायचं. माझा क्रम असा आहे : माणसाचा जीव, मग खरेपणा, मग दिलेला शब्द, मग स्वतःचा फायदा. मित्राच्या जिवावर बेतलं असेल तर त्याला दिलेलं गुपित ठेवण्याचं वचन मी मोडेन. परीक्षेतल्या कॉपीसाठी मात्र मैत्रीचा शब्द माझ्याकडून मिळणार नाही.

७. एक्स्टर्नल हवाच

फ्रँकलिनच्या यादीबद्दल एक गोष्ट राहिली. सुरुवातीला त्यात १२ च सद्गुण होते. एका क्वेकर पंथाच्या मित्राने त्याला सांगितलं, की लोक तुला गर्विष्ठ समजतात, आणि उदाहरणंही दिली. तेव्हा तेरावा सद्गुण आला : नम्रता. म्हणजे स्वतःला इतक्या बारकाईने तपासणाऱ्या माणसालाही स्वतःचा हा दोष दिसला नव्हता.

याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या यादीत 'न्याय' होता आणि त्याच्या घरी गुलामही होते. कित्येक वर्षं त्या वहीत या गोष्टीचा काळा ठिपका पडला नाही. पुढे म्हातारपणी तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि १७९० मध्ये, मृत्यूच्या थोडंच आधी, संस्थेचा गुलामगिरीविरोधी अर्ज त्याच्या सहीने अमेरिकन काँग्रेसकडे गेला. वही चांगली होती, पण वहीचा मालक ज्या समाजात वाढला त्याच समाजाचा चष्मा तिच्यावर होता. आपल्याही डोळ्यांवर असा एखादा चष्मा असणार. कदाचित जातीचा, कदाचित मुलगा-मुलगी भेदाचा, कदाचित आपण मेसमधल्या कामगाराला कसं हाक मारतो त्याचा.

म्हणून दोन गोष्टी करा. एक, यादी एका माणसाला दाखवा जो तुमची भीड ठेवणार नाही. इंटर्नल मार्क आपण आपल्याला देतोच, पण एक्स्टर्नल हवाच! दोन, यादीवर तारीख घाला आणि दर वर्षी ती पुन्हा लिहा. फक्त एक पथ्य पाळा : बदल शांत दिवशी करायचा. प्रसंग अंगावर आलेला असताना तत्त्वात केलेली 'सुधारणा' ही बहुतेक वेळा पळवाट असते.

८. आता कृती

लेख वाचून बाजूला ठेवण्यापेक्षा या रविवारी एक तास द्या.

(१) गेल्या ३० दिवसांचे तीन रकाने भरा : पैसे, वेळ, शब्द.

(२) येत्या दोन वर्षांत तुमच्यावर येऊ शकतील असे पाच प्रसंग लिहा. उदाहरणार्थ, अनुभव खोटा दाखवून बायोडेटा द्यायला कुणी सांगितलं. साइटवर क्यूब वेगळ्या, तगड्या मालाचे भरायला सांगितले. टेस्टिंग न करता रिपोर्टवर सही मागितली. लग्नात हुंड्याचा विषय घरच्यांनीच काढला. मित्राने कर्जाला जामीन राहायला सांगितलं.

(३) प्रत्येक प्रसंगात काय करणार ते एका वाक्यात लिहा. 'मी' ने सुरू होणारं आणि क्रियापदाने संपणारं वाक्य. विशेषण नको.

(४) प्रत्येकापुढे किंमत लिहा आणि ती द्यायला काय मार्जिन लागेल ते लिहा.

(५) क्रम लावा, तारीख घाला, एकाला दाखवा.

पाचापेक्षा जास्त लिहू नका. कागद आरशाला चिकटवायचीही गरज नाही. पाकिटात मावेल एवढा असला की पुरे.

काँक्रीट ओतल्या दिवशी कडक नसतं. त्याला पाणी द्यावं लागतं, दिवस द्यावे लागतात, आणि त्या दिवसांत त्याच्यावर भार टाकायचा नसतो. कॉलेजची ही वर्षं आपले क्युअरिंगचे दिवस आहेत. इथे चुकीची किंमत दोन-चार मार्क असते. बाहेर पुलावरून एस.टी. जाणार असते, आणि तिच्यात कुणाची तरी आई बसलेली असते. तेव्हा भार यायच्या आत मित्रहो, आपापला मिक्स नीट ठरवून घेऊ या.